स्मार्ट बोर्ड, खडू आणि बी.एड.चं दुसरं वर्ष : कधी लावायचं, कधी बंद ठेवायचं?

भावी_बाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

थोडी पार्श्वभूमी. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते. ते सोडून आता पुण्यात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय गणित आणि विज्ञान. सध्या छात्रसेवाकाल चालू आहे, म्हणजे दिवसा एका शाळेत शिकवायचं, मागच्या बाकावर निरीक्षक वही उघडून बसणार आणि रात्री आपण उद्याचं पाठ टाचण लिहीत बसणार.

आमच्या निरीक्षण तक्त्यात 'आयसीटीचा (माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाचा) वापर' असा रकाना आहे आणि त्याला गुण आहेत. त्यामुळे झाडून सगळे छात्राध्यापक पीपीटी करतात. पीपीटीत काय असतं? पाठ्यपुस्तकातला परिच्छेद. तो आम्ही भिंतीवर मोठा करून दाखवतो आणि वाचतो. मुलांसमोर तेच पुस्तक त्याच पानावर उघडं असतं!

माझा तंत्रज्ञानाला विरोध असण्याचं कारणच नाही, इतकी वर्षं त्याच्यावरच जेवले. पण वर्गात दोन अगदी उलटे अनुभव आले.

दहावीचा एक बदली तास मिळाला होता, तेव्हा जिओजेब्रात (आकृत्या हलवून बघता येतात असं गणिताचं सॉफ्टवेअर) आंतरलिखित कोन दाखवला. वर्तुळावरचा बिंदू सरकवत गेले, कोनाचं माप हलेना. मागून एक मुलगा म्हणाला, "बाई, लॉक करून ठेवलाय ना तुम्ही?" त्याला म्हटलं, तूच येऊन सरकव. त्याने सरकवत सरकवत बिंदू दुसऱ्या कंसावर नेला, तर माप एकदम बदललं. "बघा, सुटला!" मग दोन्ही मापांची बेरीज केली, १८०. चक्रीय चौकोनाचं प्रमेय मी न सांगता वर्गाने अर्धं काढलं.

आठवीला बैजिक राशींचे अवयव स्लाइडवर घेतले. सुंदर रंगीत पायऱ्या केल्या होत्या. सगळा वर्ग "हो बाई, हो बाई" करत होता आणि वहीत शून्य. तेच गणित दुसऱ्या दिवशी फळ्यावर घेतलं, तर मधलं पद फोडायची पायरी लिहीत असतानाच तिघांनी थांबवलं, "हे दोन आकडे कुठून आले?"

तर प्रश्न असा: शिकवणाऱ्यांनो, कधी लावायचं आणि कधी बंद ठेवायचं हे तुम्ही कसं ठरवता? कॉलेजला चिंतनलेखन द्यायचंच आहे, पण मला ते माझ्यासाठीही हवंय. जूनमध्ये नशिबाने साथ दिली तर माझा स्वतःचा वर्ग असेल.

---

पेठेतला_पण_नाही

पहिला प्रतिसाद माझा! पुण्यात तंत्रज्ञानाचा पाठ कधीही ठेवा, गुरुवार सोडून. त्या दिवशी नळाला पाणी नसतं आणि दुरुस्तीच्या नावाखाली लाइटही नसतात.

---

निवृत्त_मास्तर

ताई, प्रश्न चांगला आहे आणि फार जुना आहे.

१९८३ साली इन्सॅट-१बी उपग्रह वर गेला आणि १९८४ मध्ये इथे पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करायचे, दूरदर्शनवरून दाखवायचे. आता शिक्षणाचा चेहरामोहरा बदलणार असं तेव्हाही सगळे म्हणत होते. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. शाळेत टीव्ही आला, त्याची पूजा झाली, नारळ फुटला आणि टीव्ही लोखंडी कपाटात गेला. किल्ली मुख्याध्यापकांकडे. बिघडला तर दुरुस्तीचा खर्च कोणत्या खात्यातून टाकायचा हे ठाऊक नव्हतं, म्हणून तो कमीत कमी लावायचा असं धोरण ठरलं. शिवाय कार्यक्रमाची वेळ आणि आमचं वेळापत्रक यांचं कधी जमलंच नाही. सहावीचा भूगोल लागायचा तेव्हा सहावी मैदानावर असायची.

आणि हे मुद्दाम सांगतो, कार्यक्रम वाईट नव्हते. काही तर उत्तम होते. त्या वेळी शाळेत असलेल्या कुणालाही विचारा, शीर्षकसंगीत अजून गुणगुणून दाखवतील. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली.

मध्ये संगणक कक्ष आला (आत जाताना चपला बाहेर!). २००४ मध्ये एज्युसॅट हा शिक्षणासाठीचा उपग्रह आला, मग प्रोजेक्टर, मग टॅब. माझ्या नोकरीत एवढी यंत्रं आली आणि प्रत्येक यंत्राबरोबर ते चालू कसं करायचं हे शिकवायला माणूस आला. ते कुठल्या घटकाला लावायचं आणि कुठल्या नाही, हे बोलायला मात्र कुणी आलं नाही. तुम्ही आता तेच विचारताय, म्हणून हे सगळं पाल्हाळ.

---

कोथरूडची_आई

पालकांच्या बाजूने लिहिते. मुलीच्या शाळेत पूर्वप्राथमिकपासून प्रत्येक वर्गात इंटरॅक्टिव्ह पॅनेल आहे आणि फीच्या पावतीत त्याची स्वतंत्र ओळ आहे. शाळा बघायला गेलो तेव्हा आम्हाला आधी पॅनेल दाखवलं, मग तरणतलाव. शिक्षकांना भेटता येईल का म्हटलं तर "त्या नंतर ओरिएंटेशनला भेटतील."

लेक सांगते, पॅनेलवर बहुतेक वेळा व्हिडिओ लागतो आणि टीचर मागे बसून वह्या तपासतात. मला त्या बाईंचा राग येत नाही. वर्गात चाळीसच्या वर मुलं, वह्या घरी नेल्या तर घरचं कोण बघणार? पण मग मी ज्या ओळीचे पैसे भरते त्या ओळीत नक्की काय विकत घेते, हे मला कुणी समजावून सांगेल का?

---

पेठेतला_पण_नाही

@कोथरूडची_आई, तुम्ही वह्या तपासण्यासाठी शांतता विकत घेता. स्वस्तातच पडली म्हणायची.

---

वेल्ह्याचे_गुरुजी

वरचं सगळं शहरातलं झालं. जरा डोंगराकडचं लिहितो.

आमची शाळा द्विशिक्षकी. पहिली ते चौथी, पट विसाच्या आत. एक जण बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की चारही इयत्ता एका खोलीत एका माणसापुढे. बी.एड., डी.एड.च्या पुस्तकांत तास म्हणजे एक शिक्षक आणि एक इयत्ता असतो. आमच्याकडे तो तसा फार क्वचित असतो.

म्हणून माझा अनुभव भावी बाईंपेक्षा वेगळा आहे. लोकवर्गणीतून घेतलेले काही टॅब आहेत. तिसरी-चौथीला मी भागाकार समजावत असतो तेव्हा दुसरीची मुलं कोपऱ्यात गोष्ट ऐकत पुस्तकात बोट फिरवत असतात. पहिलीला मात्र टॅब देत नाही, त्यांना बिया, खडे, काड्या. टॅबमुळे मला ती दहा-पंधरा मिनिटं मिळतात. ते शिकवतं असं माझं म्हणणं नाही, पण मला शिकवायला मोकळं करतं. शहरातल्या बाई मागे बसून वह्या तपासतात त्याला वर नावं ठेवली गेली. मी त्या वेळात दुसऱ्या इयत्तेला शिकवतो, एवढाच फरक.

दीक्षा हे सरकारी अभ्याससाहित्याचं ॲप २०१७ च्या शिक्षकदिनी आलं, पुस्तकात क्यूआर कोड आले. कोड छान आहेत. पण रेंज शाळेच्या मागच्या टेकाडावर येते. मी शनिवारी पुण्यात घरी आलो की आठवड्याचं सगळं उतरवून घेतो आणि सोमवारी पेनड्राइव्हवर नेतो. आमचं इंटरनेट एसटीने येतं म्हणा ना.

वीजबिल ग्रामपंचायत भरते, कधी आम्ही दोघं भरतो. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर लाइटचा भरवसा धरायचाच नाही.

आणि खरं तंत्रज्ञान कुठे वापरलं जातं सांगू? माझ्या स्वतःच्या फोनवर. पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायसवर शाळेची माहिती, आधार जुळवणी, कुठल्या तरी दिनाचा फोटो अपलोड, लिंक भरा, पुन्हा भरा, सर्व्हर बंद, रात्री भरा. मुलांपुढचा माझा वेळ सगळ्यात जास्त खाणारं यंत्र माझ्याच खिशात आहे. चिंतनलेखनात हे पण घाला, बाई.

---

दहावी_अ

मी विद्यार्थी आहे, आईच्या आयडीवरून नाही, माझाच आयडी आहे. आम्हाला कुणी विचारत नाही म्हणून लिहितो.

स्मार्ट बोर्ड आम्हाला आवडतो कारण पडदे लावतात आणि झोप छान लागते.

सिरियसली सांगायचं तर पीपीटी फार पटापट पुढे जाते. फळ्यावर सर लिहितात तेवढ्याच वेगाने आम्ही लिहितो. स्लाइडवर सगळं एकदम येतं, मग काय वाचू, काय लिहू आणि सर काय बोलतायत ते कधी ऐकू? मग सगळे म्हणतात ग्रुपवर टाका. ग्रुपवर टाकलं की कुणी उघडत नाही.

आणि जिओजेब्रावाला तास भारी असेल. आमच्याकडे पुस्तकात त्याची चौकट आहे, पण ती सर "घरी बघा" म्हणून सोडतात.

---

निवृत्त_मास्तर

@दहावी_अ, शाबास. "फळ्यावर सर लिहितात तेवढ्याच वेगाने आम्ही लिहितो" हे वाक्य मी निरीक्षकांना तीस वर्षं समजावायचा प्रयत्न करत होतो.

आमच्या वेळी फलकलेखनाला वेगळे गुण असत. फळ्याचे तीन भाग करायचे. डावीकडे तारीख, विषय, घटक, मधला भाग चालू कामाला आणि उजवीकडची पट्टी कच्च्या कामाला. मधलं पुसलं तरी डावीकडचं तास संपेपर्यंत राहायचं. उशिरा आलेल्या किंवा मधे लक्ष उडालेल्या मुलाला एका नजरेत कळायचं की गाडी कुठून कुठे आली. स्लाइडवर मागचं दिसतच नाही.

---

डेटा_आणि_डोसा

धागा फारच स्मरणरंजनात चाललाय, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. मीही हिंजवडीतच आहे (आणि ट्रॅफिकमध्ये बसूनच हे लिहितोय, गाडी दुसरा चालवतोय, ओरडू नका).

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. आज माझा भाचा निबंध त्याच्याकडून लिहून घेतो, त्याची टीचर प्रश्नपत्रिका त्याच्याकडून काढून घेते आणि दोघं एकमेकांना पकडायला बघतात. हे थांबणार नाही. अशा वेळी फळ्याचे तीन भाग कसे करायचे यावर चर्चा? मुलाला शंका आली तर त्याच्या भाषेत, त्याच्या वेगाने, न कंटाळता दहा वेळा समजावणारं काही पहिल्यांदाच हाताशी आलंय. क्लासची फी न परवडणाऱ्या पोरासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे!

सुगाता मित्रांनी १९९९ मध्ये दिल्लीत कालकाजीला भिंतीत संगणक बसवला होता. झोपडपट्टीतली मुलं कुणी न शिकवता तो वापरायला लागली. मुलं शिकतात हो. आपणच मधे उभे असतो.

---

बालवाडीताई

@डेटा_आणि_डोसा, संगणक वापरायला शिकणं आणि संगणकावरून गणित शिकणं यात फरक आहे. पहिलं मुलं आपापली करतात हे खरंच आहे, माझ्या नातवाने माझ्या फोनची भाषा बदलून ठेवलीय ती मला अजून परत आणता येत नाही. दुसऱ्याला कुणीतरी "असं का रे?" विचारणारं लागतं. भावी बाईंच्या वर्गातला तो मुलगा बिंदू सरकवून "सुटला!" म्हणाला, तिथे बाई नसत्या तर तो पुढच्या खेळाकडे गेला असता. बेरीज करून बघायला बाईंनीच लावलं ना?

आणि तंत्रज्ञान म्हणजे वीज लागणारंच हे कुणी ठरवलं? आपल्याच पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात, आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे, स्ट्रॉ, जुन्या चपलेचा रबर यांतून विज्ञान उभं केलं. काड्यांचा त्रिकोण करा, दाबून बघा, हलत नाही. चौकोन करा, लगेच कलंडतो. पूल आणि मनोऱ्यांत त्रिकोण का असतात हे पाच वर्षांच्या मुलाच्या बोटांना कळतं. हे काचेवर बोट सरकवून कळणार आहे का? त्यांच्या संकेतस्थळावर सगळं फुकट आहे, मराठीतही आहे.

---

डेटा_आणि_डोसा

ताई, पण ती खेळणी जगभर पोचली ती व्हिडिओ आणि संकेतस्थळामुळेच ना?

---

बालवाडीताई

हो, हे मात्र मान्य. शिक्षकाने रात्री व्हिडिओ बघावा आणि मुलांनी सकाळी काड्या जोडाव्यात.

---

टीईटी_पास_बेकार

चर्चा उत्तम चालू आहे, मी फक्त एक थंड बादली ओततो.

ताई, "जूनमध्ये माझा स्वतःचा वर्ग" वाचून जुने दिवस आठवले. टीईटी म्हणजे पात्रता परीक्षा, मग टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी (हो, दोन वेगळ्या परीक्षा आहेत, घरच्यांना समजावून बघा), मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, मग शाळांचे प्राधान्यक्रम, मग वाट. लागलात तरी तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे नुसत्या मानधनावर. २०२३ पासून माध्यमिकला मानधन १८,००० झालंय, आधी ८,००० होतं. विनाअनुदानितला काय मिळतं ते इथे लिहीत नाही, सणासुदीचे दिवस आहेत. हिंजवडी सोडलीत ती पूर्ण विचार करूनच ना?

तेवढ्या पगारात स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचा डेटा, स्वतःचा स्पीकर वर्गात नेणारे शिक्षक मी पाहिलेत. त्यांना कुठल्या रकान्यात गुण आहेत?

---

भावी_बाई

@टीईटी_पास_बेकार, विचार करूनच. म्हणजे घरच्यांनी वेगळा शब्द वापरला होता.

बाकी सगळ्यांना सविस्तर उत्तर देते, उद्याचं टाचण राहिलंय. गुरुजी, एसटीने येणारं इंटरनेट चिंतनलेखनात जाणार, परवानगी गृहीत धरते.

---

कानाने_वाचणारा

एक कोन राहिलाय म्हणून लिहितो. मी पूर्ण अंध आहे. पुण्यात शिकलो, बी.ए. झालो, नोकरी करतो, हा धागा एनव्हीडीए नावाच्या मोफत स्क्रीनरीडरवर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) ऐकतोय.

तुमच्यासाठी तंत्रज्ञान लावायचं की नाही हा प्रश्न आहे. माझ्यासाठी ते नव्हतं तेव्हा वाचून दाखवणाऱ्या माणसाची वाट बघणं एवढंच होतं. पुस्तक ब्रेलमध्ये यायचं तेव्हा परीक्षा जवळ आलेली असायची. त्यामुळे "खडूच बरा" ऐकलं की मला जरा टोचतं. फळ्यावरचं "हे इथून तिथे नेलं" मला कधीच दिसलं नाही. जे सर लिहिताना मोठ्याने बोलायचे, त्यांच्याच तासाला मला गणित आलं.

पण यंत्र आलं म्हणजे काम झालं असंही नाही. शाळा-कॉलेजांतून ज्या मराठी पीडीएफ येतात त्यातल्या कितीतरी म्हणजे पानांचे नुसते फोटो असतात. स्क्रीनरीडर म्हणतो "चित्र" आणि गप्प बसतो. दुसरा प्रकार म्हणजे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेलं. डोळ्यांना सुरेख मराठी दिसतं, माझ्या कानात मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा पडतो. सामान्य माणसाला हा फरक कळतही नाही.

भावी बाई, तुमच्या वर्गात उद्या एक अंध किंवा अंशतः दिसणारं मूल असेल. त्याच्यासाठी महाग काही लागत नाही. टिपणं युनिकोडमध्ये टंकून वर्ड फाइल म्हणून द्या, चित्राखाली दोन ओळी लिहा, "इथे बघा" न म्हणता काय आहे ते बोला. जिओजेब्राचा तो तास मला कसा शिकवला असता, याचं उत्तर वाचायला आवडेल.

---

वेल्ह्याचे_गुरुजी

@कानाने_वाचणारा, शेवटच्या प्रश्नाचा प्रयत्न करतो. पुठ्ठ्यावर वर्तुळाकार टाचण्या ठोकायच्या. एका जीवेच्या दोन टोकांना रबरबँड अडकवून तिसऱ्या टाचणीवर ताणायचा, की कोन तयार. पुठ्ठ्याचाच त्या मापाचा कोन कापून प्रत्येक टाचणीशी बोटांनी बसवून बघायचा. सगळीकडे तोच बसेल. जीवेच्या पलीकडच्या टाचणीला बसणार नाही, "सुटला" ते इथे बोटाला कळेल. चौथीला मी असाच फळीवरचा भौमितिक फलक वापरतो. आणि डोळस मुलांनाही चालेल, लाइट गेले तरी चालेल.

---

कानाने_वाचणारा

गुरुजी, तुम्ही मला तीस वर्षांपूर्वी भेटायला हवे होतात.

---

कोथरूडची_आई

गुरुजींचा पुठ्ठ्या-टाचण्यांचा प्रतिसाद मी मुलीच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत सत्तावीस अंगठे आले आणि नंतर कुणीतरी "सुप्रभात" टाकलं.

---

अध्यापिका_निरीक्षक

मी बी.एड. महाविद्यालयात शिकवते, म्हणजे त्या मागच्या बाकावर वही घेऊन बसणारी मीच. (भावी बाई, घाबरू नका, तुमचं कॉलेज आमचं नसावं.)

आयसीटीच्या रकान्याबद्दल थोडं. तो आला कारण आधी उलटी परिस्थिती होती. छात्राध्यापक दोन वर्षांत एकदाही यंत्राला हात न लावता बाहेर पडायचे. रकाना केल्यावर हात लागला, पण नुसता हातच लागला. मोजायला सोपं ते मोजलं जातं: प्रोजेक्टर होता की नव्हता. योग्य वेळी बंद केला का, हे लिहायला जागा नाही. माझ्यापुरतं मी शेऱ्यात लिहिते. एका मुलीने चंद्राच्या कलांचं ॲनिमेशन दोन मिनिटं दाखवून पडदा गुंडाळला, आणि मग अंधाऱ्या खोलीत एका मुलाच्या हातात चेंडू देऊन त्याला दिव्यासमोर स्वतःभोवती फिरवलं. तिला मी पूर्ण गुण दिले. सहकाऱ्याने विचारलं, "उरलेला तास आयसीटी कुठे होती?"

आम्ही टीपॅक शिकवतो. पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू केलर यांनी २००६ मध्ये मांडलेली चौकट. परीक्षेत तीन वर्तुळांची आकृती काढतात, नावं देतात, गुण घेतात. त्या आकृतीचं म्हणणं एवढंच आहे की विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि साधनाचं ज्ञान वेगवेगळं असून भागत नाही. या घटकात मुलं कुठे अडतात हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच कोणतं साधन हे ठरवता येतं. तुमच्या दोन तासांत तेच झालं. आंतरलिखित कोनात अडचण ही की कागदावरची आकृती एकच आणि स्थिर असते, "कुठल्याही बिंदूला" हे दिसत नाही. तिथे हलणारी आकृती हवीच. अवयवांत अडचण असते ती पायरी सुचण्याची. सुचलेल्या पायऱ्या तयार दाखवल्या की सुचण्याचा क्षणच पुसला जातो. तिथे बाईंचा हात, बाईंचं थांबणं, एखादी खोडलेली जोडी मुलांना दिसायला हवी.

टाचणात एक उपयोगी गोष्ट करा. साधनाच्या रकान्यासमोर लिहा: "मुलं कुठे अडतात, आणि हे साधन त्या अडचणीला काय करतं?" उत्तर "आकर्षक वाटतं" असं आलं, तर ते साधन घरी ठेवा.

---

डेटा_आणि_डोसा

हा प्रतिसाद पटला. पण मग एआयलाही हीच फूटपट्टी लावा ना, सरसकट नको म्हणू नका. निबंधात मूल अडतं ते पहिलं वाक्य सुचण्यापाशी. यंत्राने अख्खा निबंध दिला तर वरच्याच भाषेत सुचण्याचा क्षण पुसला, कबूल. पण यंत्राला म्हटलं की तू फक्त प्रश्न विचार, लिहू नकोस, तर?

---

निवृत्त_मास्तर

तर ते मास्तराचं काम शिकलं म्हणायचं. माझी हरकत नाही. फक्त मुलगा "लिहूनच दे" म्हणाला तर ते नाही म्हणेल का, तेवढं विचारून ठेवा.

अवांतर: आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसलेंना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा सगळीकडे "क्यूआर कोडवाले गुरुजी" असं छापून आलं. कोडमागचं काम लोक विसरतात. तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तकं वेगळ्या भाषेत. त्यांनी आधी पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली, मग त्यावर कोड लावले. अध्यापिका बाई म्हणतात तेच, मुलं कुठे अडतात ते आधी पाहिलं. नंतर गावोगाव नुसते कोड चिकटवले गेले.

---

टीईटी_पास_बेकार

+१. आणि बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतरांना वाटली. आपण असतो तर आधी कर्ज फेडलं असतं.

---

पेठेतला_पण_नाही

धागा शंभरी गाठणार. अप्पा बळवंत चौकात टीपॅकचं गाइड मिळतं का हो? 'अपेक्षित'मध्ये दोन गुणांना येतं का?

---

अध्यापिका_निरीक्षक

येतं. आकृतीसह चार गुणांना.

---

भावी_बाई

सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. मला एक नियम हवा होता, तो काही मिळाला नाही, पण टाचण लिहिण्याची पद्धत मिळाली. अध्यापिका बाईंची ओळ मी तक्त्याबाहेर, पेन्सिलीने, वरच्या कोपऱ्यात लिहायला लागलेय. तेवढ्याने या आठवड्यातल्या बऱ्याचशा पीपीटी बाद झाल्या. उरलेल्या लहान झाल्या.

आता तातडीचं. पुढच्या आठवड्यात माझा परीक्षेचा आयसीटी पाठ आहे. नववी, आरशांतल्या प्रतिमा. बेत असा: आधी प्रत्येक गटाला स्टीलचा चमचा. आतल्या बाजूने बघा, बाहेरच्या बाजूने बघा, जवळ न्या, लांब न्या, दिसेल ते वहीत लिहा. उलटी प्रतिमा सुलटी कुठे होते, इथे मुलं अडतात, कारण चमच्यात नाभी (समांतर किरण परावर्तनानंतर एकत्र येतात तो बिंदू) कुठे आहे ते दिसत नाही. मग फेट हे कोलोरॅडो विद्यापीठाचं मोफत सिम्युलेशन, मराठीत आहे, आधी उतरवून ठेवलं तर नेट लागत नाही. त्यात वस्तू नाभीच्या अलीकडे-पलीकडे सरकवायची, किरण दाखवायचे. सात-आठ मिनिटं. मग बंद, आणि किरणाकृती प्रत्येकाने स्वतः पट्टीने. @कानाने_वाचणारा, प्रत्येक किरण मोठ्याने बोलणार आहे.

अडचण दोन. एक, सिम्युलेशन मीच सरकवू की मुलांना पुढे बोलावू? वर्गात पंचावन्न आहेत, तास पस्तीस मिनिटांचा. दोन, खोलीत फळ्याला लागून असलेल्या बाजूच्या भिंतीत मोठी खिडकी आहे, पडदे नाहीत आणि किरणांच्या रेघा उजेडात पुसट दिसतात.

---

दहावी_अ

पुढे बोलवा, पण हुशार मुलांना नको. ते बरोबरच सरकवतात, मग काही होतच नाही.

---

अध्यापिका_निरीक्षक

वरचा सल्ला माझाही. एकालाच बोलवा, आणि तो सरकवायच्या आधी बाकीच्यांकडून वहीत अंदाज लिहून घ्या: उलटी की सुलटी, मोठी की छोटी. म्हणजे पंचावन्न जणांना काम राहतं. आणि सात-आठ मिनिटं धरू नका, अंदाज लिहायचे तर बारा जातात. किरणाकृती सगळ्या स्थितींच्या नकोत, दोनच घ्या, उरलेल्या गृहपाठाला.

---

वेल्ह्याचे_गुरुजी

खिडकीचं सोपं आहे. फळ्यावर पाडूच नका, खिडकी ज्या भिंतीत आहे त्या भिंतीवर उजेड पडत नाही, तिथे मोकळी जागा असेल तर तिच्यावर पाडा. नसेल तर ड्रॉइंगचे काळे कागद सेलोटेपने काचेला, तास संपला की काढता येतात. सिम्युलेशनची पार्श्वभूमी काळी करता आली तर रेघा आणखी उठून दिसतात, आदल्या दिवशी करून बघा. चमचे शाळेतले घेऊ नका, पोषण आहाराचे ओरखडलेले असतात, त्यात चेहराच दिसत नाही. घरून नवे आणायला सांगा आणि मागे नाव लिहिलेली चिकटपट्टी लावायला सांगा, नाहीतर संध्याकाळी पंचावन्न आयांचे फोन येतील.